उद्या पहाटेची बातमी

दिनकरकाका,

तुमची खोली रिकामी करायला मला दीड तास लागला. फ्लेगहाइमचा, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमाचा, नियम आहे, माणूस गेलं की आठवड्याच्या आत खोली मोकळी करून द्यायची. दोन स्वेटर, चष्म्याची तीन घरं, तुमच्याआधी गेलेल्या रेनाटेकाकूंचा फोटो आणि तो तपकिरी कोट. मी कपाटाचा खालचा खण पुसत होते, तेव्हा पाठीमागे कुणीतरी आल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर दारात तिघं. शेजारच्या खोलीतल्या उंच आजी, व्हीलचेअरमधले आजोबा आणि त्या बाई, ज्यांना कधी बोलताना मी ऐकलं नाही. आत कुणी आलं नाही. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत नुसते उभे. मी घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी होते.

"आज बातम्या नाहीत," मी जर्मनमध्ये म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

उंच आजींनी मान डोलावली आणि अगदी हळू विचारलं, "म्हणजे ते येऊन पोचले?"

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहान मुलाकडे पाहतात, जेव्हा त्याला काही सांगायचं नसतं. मग त्या दोघांना घेऊन गेल्यासारख्या पुढे झाल्या आणि बाकीचे त्यांच्यामागून. मी कोट हातात घेऊन तशीच खाली बसले.

तुमचा जन्म कुठे, शिक्षण काय, हे मी लिहिणार नाही. तुम्हालाच ते आवडायचं नाही. "माझी बातमी करू नकोस," म्हणायचात. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपलं बोलणं अर्धं राहिलंय आणि त्यात आता एक गोष्ट अशी झालीय, जी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपण भेटलो ते हॅनोव्हरमधल्या एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, गणपतीत. तुम्ही भिंतीला टेकून काट्यानं मोदक खात होतात. मला हसू आवरेना. तुम्ही विचारलंत, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "संगमनेर." तुमचा काटा थांबला. "मग शेजारीच की. मी अकोल्याचा. आपलं अकोले, विदर्भातलं नव्हे." जर्मनीत येऊन तुम्हाला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, आणि ते 'नव्हे' माझ्या आजोळच्या ओट्यावरून उठून आल्यासारखं होतं. त्या दिवसापासून एक रविवार सोडून एक रविवार तुम्ही आमच्याकडे पिठलं-भाकरीला. भाकरी मला नीट जमायची नाही. तुम्ही कडा मोडून बाजूला ठेवायचात आणि म्हणायचात, "आतला भाग मात्र अकोल्यापर्यंत पोचतो."

जेवण झालं की चिलीची गोष्ट निघायचीच. माझा नवरा निखिल हळूच ताटं उचलून स्वयंपाकघरात सटकायचा, त्याला ती गोष्ट पाठ झाली होती. मलाही झाली होती, तरी मी ऐकायचे, कारण ती सांगताना तुम्ही तरुण व्हायचात. पूर्व बर्लिनच्या रेडिओवर तुम्ही हिंदी बातम्या वाचत होतात. चिलीत लोकांनी मतं देऊन निवडलेला डावा अध्यक्ष होता, त्यानं तांब्याच्या खाणी देशाच्या मालकीच्या केल्या होत्या, आणि तो हजारो मैलांवरच्या एका बड्या देशाच्या डोळ्यांत सलत होता. बाहेरून संप पेटवले गेले, बाहेरून वर्तमानपत्रं पोसली गेली, आणि त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात त्याच्याच लष्करानं त्याच्याच प्रासादावर विमानांतून बॉम्ब टाकले. तो आतच मेला. ती बातमी वाचताना अर्ध्या वाक्यात तुमचा आवाज फुटला. काही क्षण रेडिओ गप्प होता. "गप्प रेडिओ काय असतो, तुला ठाऊक नाही," तुम्ही सांगायचात. "सगळी इमारत धावत येते." पण तुम्हाला कुणी रागावलं नाही. उलट कौतुक झालं. श्रोत्यांची पत्रं आली.

मी बँकेतल्या कारकुनाची मुलगी. घरात राजकारण म्हणजे निवडणुकीच्या दिवशी मिळणारी सुट्टी. तरी मी वाद घालायचे. "काका, प्रत्येक वेळी बाहेरचाच हात कसा? तिथल्या बायका रिकाम्या पातेल्या बडवत रस्त्यावर आल्या होत्या, त्या काय कुणी पाठवल्या होत्या?"

"भूक खरी होती. चूल कुणी विझवली ते विचार. कागद उघडे झालेत त्यांचे, त्यांच्याच देशात. वाच आणि मग भांड."

मी वाचलं. तुम्ही म्हणत होतात त्यातलं बरंचसं खरं होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाद हरल्यासारखं वाटलं असतं.

मग ती प्रागची सहल. आम्ही चार दिवस जाऊन आलो होतो, आणि त्या रविवारी मी पिठलं ढवळता ढवळता सहज सांगू लागले. तिथे जुन्या रेडिओ इमारतीच्या भिंतीवर एक पाटी आहे, काका, रणगाडे आले तेव्हा तिथे मेलेल्यांच्या नावांची. अडुसष्टचा ऑगस्ट. मी बोलत गेले. "म्हणजे बघा, तिथंही नेता डावाच होता. लोकांना हवा असलेला. आणि त्यालाही बाहेरच्यांनीच येऊन उचलून नेलं, फक्त ते बाहेरचे तुमचे समाजवादी होते. तेव्हा तुम्ही रेडिओवर होतात ना? तेव्हा काय वाचलंत?"

मला वाटलं होतं तुम्ही चिडाल. तुम्ही उठलात. तुमचं ताट धुतलंत, पालथं घातलंत, हात पुसलेत, बूट घातलेत. दार लावताना आवाजसुद्धा केला नाहीत. पिठलं कढईतच होतं.

दोन महिने आला नाहीत. मग एका रविवारी जर्दाळूच्या जॅमची बरणी घेऊन दारात. "कढी कर," म्हणालात. मी कढी केली. प्रागचं नाव आपल्यात पुन्हा निघालं नाही. मी माफी मागितली नाही, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आपण दोघंही एवढे शहाणे, की त्या खड्ड्याला वळसा घालून चालत राहिलो.

दीड वर्षापूर्वी हॉस्पिटलमधून फोन आला. तुम्हाला पक्षाघाताचा झटका आला होता. तुमच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'गाव' या नावानं होता आणि तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्हीच का फ्राऊ गाव?" पुढच्या कागदांतून कळलं, की तुमच्या वतीनं सह्या करायचं अधिकारपत्र तुम्ही केव्हाच माझ्या नावे करून ठेवलं होतंत, मला न विचारता. मी हो म्हणाले. तुम्ही शुद्धीवर आलात, हातपाय बऱ्यापैकी हलायला लागले, पण जर्मन भाषा गेली. साठ वर्षांची जर्मन, पुसून टाकल्यासारखी. उरली मराठी, आणि तीही कधी धड, कधी धुक्यातली. फ्लेगहाइममध्ये तुमचं म्हणणं कुणाला कळेना. म्हणून दर शनिवारी मी.

तिथली बेआटे तुम्हाला आवडायची. साठी ओलांडलेली, पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीची, या वर्षी निवृत्त होणारी. ती नर्स तुमचं नाव 'डिंकार' उच्चारायची आणि तुम्ही दर वेळी तिला दुरुस्त करायचात. तिनं मला पहिल्याच शनिवारी सांगितलं, "आल्झो, म्हणजे, एक गोष्ट आहे. रोज चारला दहा कमी असताना ते काहीतरी वाचतात. काय वाचतात ते मला सांगाल का?"

मी पाहिलं. दुपारभर तुम्ही खुर्चीत कलंडलेले. चारला दहा कमी झाले आणि तुम्ही सरळ बसलात. कॉलरचं बटण लावलंत. टेबलावर त्या आठवड्याच्या जेवणाची यादी पडली होती, ती हातात घेतलीत. घसा साफ केलात. आणि जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, सपाट, कुणाचाच नसलेला.

"उद्या पहाटे सैन्य शहरात शिरले. रणगाडे मुख्य रस्त्यांवर उभे आहेत. परिस्थिती शांत आहे. जनतेने कामावर जावे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये पावलं थांबली होती. त्या तिघांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. नंतर मी उंच आजींना विचारलं, कशासाठी येता? त्या म्हणाल्या, "मी पाच वर्षांची होते तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात रेडिओतून हा आवाज यायचा. हा आवाज आला की आई पडदे ओढायची."

वाचून झालं की तुम्ही कोट मागायचात. "कोट दे. स्टेशनावर जायचंय." दारापर्यंत जायचात, तिथले कर्मचारी तुम्हाला परत आणायचे. शेवटी बेआटेनंच उपाय काढला. त्या बागेत एक खोटा बसस्टॉप आहे. खांब, बाक, वेळापत्रक, सगळं खरं दिसणारं, फक्त बस येत नाही. ज्यांना सारखं घरी जायचं असतं त्यांना तिथे नेऊन बसवतात. बसून बसून ते विसरतात आणि आत येतात. कोट घालून तुम्हीही तिथे बसू लागलात. मी बाजूला. तुम्ही रस्त्याच्या दिशेला बघायचात, जिथे रस्ता नव्हता, फक्त कुंपण होतं.

मी बेआटेला सांगितलं होतं, हे चिली आहे. तिनं तुमच्या फायलीत तसं लिहूनही ठेवलं. मला खात्रीच होती. दुसरं काय असणार?

मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती म्हणाली, "आज शब्दाला शब्द सांगा मला." तुम्ही वाचत होतात आणि मी तिच्या कानाशी जर्मन करत होते. ती मध्येच म्हणाली, "थांबा. उद्या पहाटे? शिरले?"

"त्यांचे काळ चुकतात," मी म्हटलं.

"बाकी एकही शब्द चुकत नाही त्यांचा. तुम्हीच म्हणता."

तुम्ही पुढचं वाक्य वाचलंत. "देशाच्या नेत्यांच्या विनंतीवरून हे बंधुत्वाचे साहाय्य पाठवण्यात आले आहे." मी ते जसंच्या तसं केलं, 'ब्रूडरलिशे हिल्फे', आणि बेआटेचा चेहरा उतरला. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. "हे चिली नाही," ती म्हणाली. "हे आमच्याकडून गेलं होतं. आमचं गाव सीमेजवळ. मी सहा वर्षांची होते. दोन दिवस रणगाडे जात होते आणि कपाटातले पेले वाजत होते. मग शाळेत बाईंनी फळ्यावर हेच दोन शब्द लिहिले. गेनाऊ, अगदी हेच."

तुम्ही यादी खाली ठेवलीत आणि कोट मागितलात.

त्यापुढचं मला तुम्हीच सांगितलंत, त्या बाकावर, तुकड्यातुकड्यांनी, चार-पाच शनिवारी. कधी मला सांगत होतात, कधी कुणालाच नाही. मी ते जोडलं. जोडताना माझंही काही त्यात मिसळलं असेल, ते माफ करा.

अडुसष्टमध्ये तुम्ही सव्वीस वर्षांचे. प्रागच्या रेडिओवरची हाना नावाची एक मुलगी काही महिने कामाला म्हणून बर्लिनला आली होती, तुमच्याच मजल्यावर. कॅन्टीनमध्ये तुम्ही तिला मराठी शिकवत होतात. पाच शब्द झाले होते. ये, जा, बस, पाणी, भूक. ती तुम्हाला सांगायची, आमच्याकडे बघ आता, आमचा नेता लोकांना घाबरत नाही. समाजवाद असा हसरा असू शकतो. तुम्हाला ते पटत होतं. हे तुम्ही दोनदा म्हणालात, "मला पटत होतं गं."

ज्या दिवशी ती परत जायची होती, त्या दिवशी दुपारी तुमच्या टेबलावर भाषांतराला एक मजकूर आला. खाली तारीख दुसऱ्या दिवशीची. अजून काही घडलेलं नव्हतं. सैन्य सीमेवर होतं आणि शहर ऑफिसला गेलेलं होतं. तुम्ही सवयीप्रमाणे आधी मराठीत कच्चं लिहिलंत, मग हिंदी केलंत. मराठीतलं तिथे कुणाला वाचता येत नव्हतं. हिंदीत 'आज' लिहायचं होतं, ते लिहिलंत. मराठीत तुमच्या हातून 'उद्या' गेलं. चारला दहा कमी असताना ते एकदा स्वतःशी वाचून पाहिलंत, मग कोट चढवलात. स्टेशनावर पोचवायला येतो असा शब्द दिला होतात.

"मजकुराबद्दल बोलायचं नाही अशी सही केलेली होती," तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळानं, "सही नसती तरी बोललो नसतो. भ्यालो होतो."

गाडी सुटायच्या आधी तिनं विचारलं, जर्मनमध्ये, "सगळं ठीक आहे ना?" आणि तुम्ही म्हणालात, "जा."

काका, तुम्ही तिथे आजारात दिवसभर 'जा, जा' म्हणत राहायचात. जड झालेल्या जिभेवर तो 'जा' जर्मन 'या'सारखा निघायचा, आणि बेआटेला वाटायचं तुम्ही होकार देताय. ती तुम्हाला आंघोळीला न्यायची, औषध द्यायची, आणि म्हणायची, किती समजूतदार माणूस. मला वाटायचं तुम्ही मला घालवून देताय. मी खट्टू होऊन बसायचे. तुम्ही आमच्यापैकी कुणाशीच बोलत नव्हतात.

"ती हसली," तुम्ही सांगितलंत. "तिला दोन्ही येत होतं. मी जर्मन 'या', म्हणजे हो, म्हणालो का आपलं 'जा' म्हणालो, गाडीच्या आवाजात ते तिनं काय घेतलं असेल? मलाच ठाऊक नाही मी काय म्हणालो."

गाडी गेली. ती रात्रीपर्यंत घरी पोचणार होती, आणि ते रणगाडेही त्याच रात्री पोचणार होते. सकाळी तुम्ही हिंदीतली बातमी वाचलीत. आवाज हलला नाही.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी तुमचं डोकं अगदी निर्मळ होतं. तुम्ही मला नावानं हाक मारलीत, निखिलची चौकशी केलीत. मी धीर केला. "काका, चिलीच्या दिवशी तुमचा आवाज फुटला. प्रागच्या दिवशी नाही फुटला?"

तुम्ही हाताची पाठ कुरवाळत बसलात. मग म्हणालात, "चिलीसाठी रडायला परवानगी होती."

एवढंच. त्या एका वाक्यापुढे माझे नऊ वर्षांचे वाद अगदी पोरकट होते. तुम्ही खोटं रडला नव्हतात, हे मला ठाऊक आहे. तो अध्यक्ष मेला होता, बाहेरच्यांनी त्याचा घास घेतला होता, ते सगळं खरं होतं. फक्त त्या थांबलेल्या रेडिओत आणखी कुणीतरी होतं, ज्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

"मग नंतर शोधलं का नाहीत तिला? भिंत पडली. सगळं उघडं झालं."

"काय म्हणून शोधू?" तुम्ही म्हणालात, आणि तुमचे डोळे पुन्हा गढूळ झाले.

माझ्या ऑफिसात पेत्रा आहे, चेक देशातल्या ब्रनोची. मी तिला सांगितलं. तिच्या एका मावशीची ओळख रेडिओतल्या निवृत्त लोकांमध्ये होती. हानाचं आडनाव तुम्ही बाकावर एकदा बोलून गेला होतात. पेत्रानं पत्र लिहिलं. मी तुम्हाला सांगितलं नाही. काहीच आलं नाही तर?

आणि आता ते, जे मला सांगायला सगळ्यात जड जातंय.

मार्चमधला दुसरा शनिवार. गार वारा होता, मी तुमच्या मांडीवर शाल टाकली होती. तुम्ही माझं मनगट धरलंत. तुम्ही मला पाहत होतात आणि मी तिथे नव्हते. माझा चेहरा तुम्हाला कुणा दुसऱ्याचा दिसत होता, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःच्या गालाला हात लावून बघावंसं वाटलं.

"हाना," तुम्ही म्हणालात. "तू विचारलंस सगळं ठीक आहे का."

माझ्या तोंडातून 'हो' गेलं.

"मला 'थांब' म्हणायचं होतं."

कुंपणापलीकडे कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं. बागेच्या दारात बेआटे उभी होती. तिचा नियम मला माहीत होता, अशा माणसाचं म्हणणं खोडून काढायचं नाही, त्याच्या जगात जायचं.

"थांबलीस का?" तुम्ही विचारलंत. "थांबलीस ना?"

मी म्हणाले, "हो. थांबले. गाडी सोडून दिली."

तुम्ही मनगट सोडलंत. खोट्या वेळापत्रकाकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "मग चल आत. गारठलीस."

पुढच्या दिवशी बेआटेचा फोन आला. चारला दहा कमी झाले, तिघं दारात येऊन उभे राहिले, आणि तुम्ही झोपून होतात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तुम्ही पुन्हा कधीच वाचलं नाहीत. कोट मागितला नाहीत. जेवण कमी होत गेलं. बेआटे म्हणाली, "किती शांत झालेत. तुम्ही चांगलं केलंत." सोळा दिवसांनी तुम्ही गेलात.

मी चांगलं केलं का, काका? तुम्ही एकदा एक खोटी बातमी सपाट आवाजात वाचलीत आणि ती आयुष्यभर तुमच्या छातीवर बसली. मग मी तुमच्याशी त्याच आवाजात खोटं बोलले आणि तुम्ही ते सोबत घेऊन गेलात. तुम्ही विचारलं असतंत, 'वाचताना आवाज हलला का तुझा?' तर मला सांगावं लागलं असतं, नाही हलला. त्या शनिवारी संध्याकाळी ट्राममध्ये मला एकाएकी कळलं, की ते किती सोपं असतं. समोर भ्यालेला माणूस हवा, आणि वरून कुणीतरी हे योग्य आहे म्हणून सांगणारं हवं. मी तुमच्यावर रागावणं त्या दिवशी सोडलं. आणि थोडी स्वतःला घाबरायलाही लागले.

तुमच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा आम्ही पाच जण होतो. निखिलनं भाकरीचा तुकडा ठेवला, कडा मोडून. तिथल्या माणसानं विचारलं, काही वाचणार का? मी नको म्हणाले.

पत्र काल आलं. तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाल्यावर. हानाच्या मुलीचं. पेत्रानं जेवणाच्या सुट्टीत मला ते वाचून दाखवलं, चेकमधून जर्मनमध्ये, आणि मी आता तुम्हाला मराठीत सांगते. एकही शब्द माझा घालत नाही.

हाना त्या रात्री सुखरूप घरी पोचली. सकाळी कामावर गेली, आणि गर्दीतून आत जाता आलं नाही म्हणून दिवसभर रस्त्यावर उभी होती. तिला काही लागलं नाही. पुढच्या वर्षी रेडिओतल्या सगळ्यांपुढे एक कागद ठेवला गेला. जे आलं ते साहाय्य होतं असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली सही करायची होती. तिनं केली नाही. तिची नोकरी गेली. उरलेली वर्षं तिनं एका पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली, लग्न केलं, एक मुलगी वाढवली. बऱ्याच वर्षांपूर्वी ती वारली. शेवटपर्यंत चांगली हसायची, असं मुलीनं लिहिलंय.

आणि मग हे. बर्लिनचं ती फार बोलायची नाही, पण एका भारतीय मुलाबद्दल सांगायची, जो तिला स्टेशनावर सोडायला आला होता. तो काय बोलला ते तिला आठवत नव्हतं. गाडीच्या आवाजात तिनं ते नीट ऐकलंही नव्हतं. पण निघताना तिनं त्याचा हात हातात घेतला, आणि ऐन ऑगस्टात तो हात बर्फासारखा होता. 'तेव्हाच मला कळलं की काहीतरी येतंय,' ती मुलीला सांगायची. 'म्हणूनच मी गाडीत चढले. आपली माणसं तिकडे असताना मी इकडे कशी थांबणार?'

पेत्रा वाचायची थांबली. मी तिला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत, काका. तोंडानं नाही, पण सांगितलं होतंत, आणि तिनं ते ऐकून स्वतःच ठरवलं. तुम्ही तिला पाठवलं नव्हतं. तुम्ही 'थांब' म्हणाला असतात तरी ती थांबली नसती. तिच्या घरात तुमच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. उलट मुलीनं खाली विचारलंय, तो अजून आहे का, आईला जाणून घ्यायचं होतं.

हे सगळं तिच्याकडे होतं. आडनाव तुम्हाला ठाऊक होतं, आणि प्राग हॅनोव्हरपासून एका दिवसाच्या प्रवासाएवढं लांब. मी तुमच्याशी आता पुन्हा भांडते, आणि हे भांडण तुम्ही ताट धुऊन निघून जाऊन टाळू शकत नाही. 'काय म्हणून शोधू' असं मला विचारलं होतंत ना. काहीही म्हणून. मित्र म्हणून, अपराधी म्हणून, मराठीचे पाच शब्द शिकवणारा मास्तर म्हणून. एक पोस्टकार्ड पुरलं असतं, काका. एक पोस्टकार्ड.